लांबोळ्या चेंडूची बाराखडी: धरायचा कसा, फेकायचा कसा, मारायचा कसा

क्रिकेट खेळून मोठ्या झालेल्या माणसाच्या हातात अमेरिकन फुटबॉल दिला की तो हमखास एकच करतो. चेंडू मुठीत घट्ट आवळतो आणि डीपमधून कीपरकडे फेकावा तसा भिरकावतो. चेंडू कोलांट्या खात जातो आणि निम्म्या वाटेत धप्पकन पडतो. शेजारच्यांचं आठ-नऊ वर्षांचं पोर तोच चेंडू उचलून, फारसा जोर न लावता, स्वतःभोवती गरगर फिरवत सरळ परत पाठवतं. आपण खांदा चोळत बघत बसतो.

यात ताकदीचा प्रश्न नसतो. गोल चेंडू कसाही धरला तरी सारखाच. या चेंडूला मात्र दोन टोकं आहेत आणि एका अंगाला टाके आहेत. सुटताना ती टोकं कुठे बघत होती, यावर पुढचं सगळं ठरतं. फेकताना हे लगेच लक्षात येतं. किक मारताना मात्र नवखा माणूस पायाकडेच बघत राहतो, आणि निम्मं काम तिथंही हातच करत असतो हे त्याला कोणी सांगत नाही.

न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये किंवा बे एरियात नव्यानं आलेल्या, आणि मुलांच्या शाळेमुळे या खेळाशी गाठ पडलेल्या मंडळींना डोळ्यांपुढे ठेवून हे लिहितोय. सगळं वर्णन उजव्या हाताचं आणि उजव्या पायाचं आहे. डावखुऱ्यांनी उलटं करून घ्यावं.

आधी चेंडू नीट घ्या

एनएफएलचा, म्हणजे अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक लीगचा, चेंडू ११ ते सव्वाअकरा इंच लांब असतो, मधला घेर २१ इंचांच्या किंचित वर, वजन १४ ते १५ औंस, म्हणजे चारशे ते सव्वाचारशे ग्रॅम. क्रिकेटच्या चेंडूच्या साधारण अडीचपट. ओहायोतल्या एडा नावाच्या छोट्या गावात विल्सन कंपनीच्या कारखान्यात हे चेंडू बनतात. चामडं गाईचं, वर आठ आडवे टाके.

हा चेंडू मुलांसाठी आणू नका. दुकानात पी-वी, ज्युनियर, यूथ अशी मापं मिळतात: ढोबळ मानानं सहा ते नऊ, नऊ ते बारा आणि बारा ते चौदा वर्षांसाठी. 'पुढच्या वर्षीही चालेल' म्हणून एक माप मोठं घेण्याची आपल्याकडची सवय बुटांना ठीक आहे, इथं नाही. मोठा चेंडू लहान हातात मावत नाही, मग मूल तो तळव्यानं ढकलायला शिकतं आणि ती खोड पुढे जाता जात नाही. घरात नऊ वर्षांचं मूल आणि त्याची बारीक हाताची आई असेल तर दोघांनी ज्युनियरवरच सुरुवात करावी. आईचा हात लवकर बसतो असा माझा अनुभव आहे.

नवा चेंडू गुळगुळीत आणि निसरडा लागतो. ओलसर फडक्यानं पुसून, मऊ ब्रशनं घासून तो मुरवावा लागतो; व्यावसायिक संघही हेच करतात. हवा एनएफएलच्या नियमानं साडेबारा ते साडेतेरा पीएसआय. मुलांच्या चेंडूत थोडी कमी चालते. अंगठ्यानं दाबल्यावर जरासा दबला पाहिजे. पंपाची सुई थुंकी किंवा पाणी लावून ओली करूनच घाला, कोरडी घातली तर व्हॉल्व्ह फाटतो.

थंडीत आणखी एक गंमत होते. घरात वीस अंश सेल्सियसला भरलेला चेंडू बाहेर उणे पाचमध्ये नेला की त्यातला दाब दोनेक पीएसआयनं उतरतो. चेंडू गळका नसतो, हवा आकसलेली असते. जानेवारी २०१५ मधल्या न्यू इंग्लंड पेट्रियट्स आणि इंडियानापोलिस कोल्ट्स यांच्या सामन्यानंतर जो गाजावाजा झाला, त्यातला अर्धा वाद याच भौतिकशास्त्रावर होता: चेंडूंमधली हवा मुद्दाम काढली की थंडीनं उतरली? शेवटी पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य खेळाडू, टॉम ब्रेडी याला २०१६ च्या हंगामात चार सामने बाहेर बसावं लागलं. तर थंडीत खेळायला जाताना पंप गाडीत टाका.

पकड: बोटांची, तळव्याची नव्हे

चेंडू डाव्या हातावर आडवा ठेवा, टाके वरच्या बाजूला. उजवा हात वरून आणा. करंगळी आणि अनामिका टाक्यांवर, टाक्यांमधल्या खाचांत पेरं बसतील अशी. मधलं बोट टाक्यांच्या टोकाशी. काहींचं पहिल्या टाक्यावर येतं, काहींचं जरा अलीकडे. तर्जनी टाके सोडून, चेंडूच्या मागच्या टोकाच्या दिशेनं पसरलेली. अंगठा खालून. हात चेंडूच्या मधोमध नसून मागच्या अर्ध्या भागावर असतो, हे नीट बघून घ्या.

आता चेंडू कानापाशी धरा आणि घरातल्या कोणालातरी बाजूनं बघायला सांगा: तळवा आणि चेंडू यांच्यात उजेड दिसतोय का? दिसला पाहिजे. डाव्या हाताचं एक बोट त्या फटीतून आरपार गेलं की पकड जमली. फट नसेल तर चेंडू तळव्यात बसलाय, आणि तळव्यातून सुटलेला चेंडू फिरत नाही.

किती घट्ट? वर्तमानपत्राची सुरळी हातातून निसटू नये इतपत. फार आवळलं की मनगट ताठ होतं, आणि फेकीतला सगळा जीव मनगटात असतो.

लहान हाताच्या माणसानं हात आणखी मागे, टोकाकडे सरकवावा; तिथं घेर कमी असतो. हाताच्या मापाचं अमेरिकेत एवढं प्रस्थ आहे की व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात त्याआधी इंडियानापोलिसला दरवर्षी होणाऱ्या चाचणीत अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत पंजा मोजतात, आणि नऊ इंचांच्या आत माप आलं की क्वार्टरबॅकबद्दल कुजबुज सुरू होते. क्वार्टरबॅक जो बरोचा पंजा बरोबर नऊ इंच भरला होता. २०२० साली त्याचीच निवड सर्वांत पहिली झाली.

आणि हो, वर दिलेली पकड हा काही कायदा नाही. पिट्सबर्गला चार सुपर बोल, म्हणजे लीगच्या अंतिम लढती, जिंकून देणारा टेरी ब्रॅडशॉ तर्जनी थेट चेंडूच्या मागच्या टोकावर ठेवायचा. पण आधी सरळ पकड बसू द्या. प्रयोगांना नंतर वेळ आहे.

फेक

चेंडू स्वतःभोवती फिरत जातो तेव्हा त्याचं टोक दिशा सोडत नाही, हवा कापत जातं. याला स्पायरल म्हणतात. चांगल्या क्वार्टरबॅकचा चेंडू मिनिटाला सहाशेच्या आसपास फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला दहा. फिरकी नसली की हवा टोकाला उचलते, चेंडू आडवा होतो आणि जागीच मरतो.

सुरुवात गुडघ्यावर बसून करा. उजवा गुडघा जमिनीला, डावा पाय पुढे, समोरचा माणूस पाच-सात यार्डांवर. पाय कामाला नसल्यानं हात काय करतो ते कळतं. उभं राहून लांब फेकायची घाई सगळ्यांनाच असते, मोठ्यांना जास्त. ती आवरा.

चेंडू दोन्ही हातांनी छातीशी, उजव्या खांद्याच्या जरा आत धरा. तिथून डावा हात सोडून चेंडू कानाच्या मागे न्या. कोपर खांद्याच्या रेषेत किंवा किंचित वर. क्रिकेटवाल्यांचं घोडं इथंच अडतं. पॉइंटवरून स्टंपवर आडवी फेक मारायची सवय लागलेला हात आपोआप खाली येतो, कोपर बरगडीला चिकटतं आणि चेंडू बाजूनं निघतो. बाजूनं फेकणारे मोठे खेळाडू आहेत, पण त्यांनी आधी वरून फेकायला शिकून घेतलेलं असतं.

आता हात पुढे आणा आणि सोडा. सोडण्याचा क्षण जरा सावकाश समजून घेऊ, कारण क्रिकेटच्या हाताला तो अगदी वेगळा आहे. सीम गोलंदाजाची बोटं चेंडूच्या मागून खाली सरकतात, म्हणून चेंडू उलटा फिरतो. इथं बोटं चेंडूच्या अंगावरून, कडेनं सोलल्यासारखी निघतात: आधी करंगळी, मग अनामिका, मग मधलं बोट, सर्वांत शेवटी तर्जनी. मनगट झटकलं जातं आणि तळवा बाहेरच्या बाजूला वळतो. फेक संपते तेव्हा उजवा अंगठा जमिनीकडे बघत असतो आणि हात डाव्या खिशाकडे गेलेला असतो. अंगठा आकाशाकडे राहिला तर बेसबॉलच्या वळणाऱ्या चेंडूसारखं मनगट फिरलंय. चेंडू लटपटेल आणि कोपरही दुखेल.

बरोबर सुटलेला चेंडू मागून पाहिला तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतो. टाक्यांचा पांढरा पट्टा हवेत डोळ्यांना दिसेनासा होतो. वेगळा ओळखू येत असेल तर फिरकी कमी पडली.

गुडघ्यावर जमलं की उभे राहा. डावा खांदा लक्ष्याकडे, पाय खांद्याएवढे फाकलेले, वजन मागच्या पायावर. डाव्या पायानं छोटं पाऊल टाका, पंजा लक्ष्याच्या किंचित डावीकडे. आधी कंबर वळते, मग खांदा, हात सर्वांत शेवटी. जोर येतो तो या क्रमातून. पाऊल छोटं का? लांब ढांग टाकली की धड मागे राहतं आणि चेंडू समोरच्याच्या डोक्यावरून जातो. बहुतेक उंच गेलेल्या फेकींचं कारण हातात नसतं, ढांगेत असतं.

बाकी दुखणी थोडक्यात. चेंडू जमिनीत घुसतोय, म्हणजे हातातून उशिरा सुटतोय. टोक वर करून तरंगतोय, म्हणजे मनगट चेंडूच्या खाली गेलंय. तर्जनीनं टोक खाली दाबल्यासारखं करा. फिरतोय पण मागचं टोक डुलतंय, तर परत फट तपासा. थोडं डुलणं चालून जातं: पेटन मॅनिंगचे कितीतरी पास डुलत जायचे आणि तो पाच वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, कारण ते वेळेवर आणि जागेवर पोचायचे. लहान मुलांचा हात दुखायला लागला की त्या दिवसाचं फेकणं बंद.

झेलण्याचं एवढंच: चेंडू छातीच्या वर आला तर दोन्ही अंगठे एकमेकांशेजारी, पोटाच्या खाली आला तर करंगळ्या एकमेकांशेजारी. आणि घेऊन पळताना चेंडू काखेत कोंबू नका. पुढच्या टोकावर बोटं, मागचं टोक कोपराच्या वळणात, बाकीचा चेंडू दंड आणि छाती यांच्यात दाबलेला. न्यूयॉर्क जायंट्सचा टिकी बार्बर चेंडू हातून सुटण्यासाठी बदनाम होता. २००४ मध्ये प्रशिक्षक टॉम कॉफलिन यांच्या हाताखाली त्यानं चेंडू छातीशी उंच, उभा धरायला सुरुवात केली आणि तक्रार जवळपास संपली.

किक: तीन माणसांचं काम

फील्ड गोलचे, म्हणजे किकनं चेंडू दोन खांबांमधून आडव्या दांडीवरून घालवण्याचे, तीन गुण मिळवून किकरचं नाव होतं, पण त्याआधी चेंडू दोन जणांच्या हातांतून गेलेला असतो. स्नॅपर दोन पायांमधून सात-आठ यार्ड मागे चेंडू फेकतो, होल्डर तो पकडून जमिनीवर उभा करतो, किकर मारतो. सगळं मिळून साधारण १.३ सेकंद. एवढ्यात होल्डरला टाके फिरवून गोलच्या बाजूला न्यायचे असतात, म्हणजे किकरच्या पायासमोर गुळगुळीत चामडं येतं. कसलेला स्नॅपर चेंडूचे फेरे इतके नेमके ठेवतो की तो होल्डरच्या हातात पडतानाच टाके हवे तिथे असतात.

हात चुकले की काय होतं याचे दाखले अमेरिकन चाहते झोपेतही सांगतात. ६ जानेवारी २००७ ला सिएटलमध्ये डॅलसला फक्त १९ यार्डांवरून गोल मारायचा होता. होल्डर होता त्यांचा क्वार्टरबॅक टोनी रोमो. स्नॅप चांगला आला, चेंडू त्याच्या हातून निसटला, किक झालीच नाही आणि सामना २१-२० नं गेला. जानेवारी २०१६ मध्ये गोठवणाऱ्या थंडीत मिनेसोटाच्या ब्लेअर वॉल्शची २७ यार्डांची किक डावीकडे गेली. त्या वेळी टाके किकरकडे राहिले होते. दोष वॉल्शनं स्वतःकडे घेतला, पण होल्डरचा विषय निघाला की आजही उदाहरण हेच दिलं जातं.

अंतराचा हिशेब नवख्याला गोंधळात पाडतो. चेंडू ३० यार्डांच्या रेषेवर असेल तर किक ४७ ची: मधले ३०, एन्ड झोनचे, म्हणजे गोलरेषेमागच्या पट्ट्याचे, १०, आणि चेंडू मागे आला ते ७. गोलची आडवी दांडी जमिनीपासून १० फूट, एनएफएलमध्ये दोन खांबांमधलं अंतर साडेअठरा फूट.

सरावाला होल्डर मिळणार नाही, म्हणून चेंडू उभा धरणारा तारेचा स्टँड आणा. टाके गोलकडे करा, चेंडू अगदी काटकोनात न ठेवता वरचं टोक किंचित स्वतःकडे झुकवा. डावा पाय जिथं रोवायचा तिथं उभे राहा, म्हणजे चेंडूच्या शेजारी, मध्ये वीतभर ते फूटभर अंतर. तिथून तीन पावलं सरळ मागे, मग दोन पावलं डावीकडे. आता चेंडूकडे तिरके धावाल. डाव्या पायानं छोटं पाऊल, उजव्यानं मोठं, डावा रोवला, उजवा फिरला.

रोवलेल्या पायाचा पंजा गोलकडे बघतोय का ते आधी तपासा. तो भरकटला की चेंडूही भरकटतो. मारायचं बोटांनी नाही, पायाच्या वरच्या, अंगठ्याकडच्या टणक हाडानं. घोटा ताणून कुलूपबंद, बोटं खाली. फटका चेंडूच्या मध्याच्या खाली. नजर फटका बसेपर्यंत चेंडूवर. कुठे गेला ते गर्दी सांगेलच.

ही तिरकी पद्धत सॉकरची. ती व्यावसायिक खेळात आणली हंगेरीत जन्मलेल्या पीट गोगोलाकनं, १९६४ साली बफेलोकडून. तोवर सगळे समोरून धावत येऊन बुटाच्या टोकानं मारायचे. तसा मारणारा शेवटचा पूर्णवेळ किकर मार्क मोझली १९८६ मध्ये थांबला. तिरक्या पद्धतीत पायाचा मोठा भाग चेंडूला लागतो, त्यामुळे अंतर आणि नेमकेपणा दोन्ही वाढले. जस्टिन टकरनं २०२१ मध्ये ६६ यार्डांवरून गोल केला, चेंडू आडव्या दांडीवर आपटून पलीकडे पडला. नोव्हेंबर २०२५ मध्ये जॅक्सनव्हिलच्या कॅम लिटलनं ते ६८ वर नेलं. तुम्ही पंधरावरून सुरुवात करा. लहानपणी फुटबॉल, म्हणजे आपला फुटबॉल, खेळला असाल तर तिथं कोल्हापूर किंवा गोव्याचं पाणी कामाला येईल.

पंट: इथं खरी कसोटी हाताची

पंट म्हणजे हातातून चेंडू सोडायचा आणि जमिनीला लागायच्या आत मारायचा. दिसायला सगळ्यात सोपी आणि शिकायला सगळ्यात चिवट गोष्ट. कारण सोडताना चेंडू जरासा जरी वाकडा झाला तरी पाय काहीही सावरू शकत नाही.

चेंडू दोन्ही हातांत घ्या, टाके आकाशाकडे. उजवा हात चेंडूच्या मागच्या अर्ध्या भागाला बाहेरून धरतो, डावा नुसता आधाराला. चेंडू कमरेच्या वर, उजव्या पायाच्या समोर. पुढचं टोक किंचित खाली आणि किंचित आत, म्हणजे डावीकडे. डावा हात आधी काढा. मग उजवा हात चेंडूखालून काढून घ्यायचा. फेकायचा नाही, वर उडवायचा नाही. टेबलावरून पुस्तक सरकून पडावं तसा तो पडला पाहिजे.

पहिले काही दिवस पाय उचलूच नका. चेंडू फक्त सोडा आणि बघा: हातात ज्या कलानं होता त्याच कलानं गवताला टेकला का? पुढचं टोक हातात होतं त्यापेक्षा जास्त खाली झुकून आपटलं तर हात मागे ओढला गेला. चेंडू गिरकी घेत पडला तर बोटं चिकटून राहिली. मुलांना हे कंटाळवाणं वाटतं. माझं मत विचाराल तर पंट न जमणाऱ्या दहांपैकी नऊ जणांचं दुखणं हेच असतं.

सोडणं जमलं की उजवं पाऊल, डावं पाऊल, किक. फटका गुडघ्याच्या उंचीच्या आसपास, ताणलेल्या पायाच्या वरच्या भागावर, जरा बाहेरच्या अंगाला. पाय आतून फिरल्यानं चेंडूला स्पायरल मिळतो. व्यावसायिक पंटर अंतराइतकंच महत्त्व चेंडू हवेत किती राहतो याला देतो: ४५ यार्ड आणि साडेचार सेकंद हे खणखणीत काम समजतात, कारण तेवढ्यात आपली माणसं पळत जाऊन चेंडू झेलणाऱ्या समोरच्या खेळाडूला गाठतात. ओकलंड रेडर्सच्या रे गायनं ही कला इतकी वर नेली की २०१४ मध्ये निव्वळ पंटर म्हणून हॉल ऑफ फेममध्ये जाणारा तो पहिला ठरला. अलीकडे ऑस्ट्रेलियातून आलेले पंटर चेंडू उभा सोडून, टोकाशी मारून उलटा फिरवतात. असा चेंडू पडल्यावर पुढे पळत नाही, समोरच्या गोलरेषेजवळ अडतो.

ड्रॉप किक, म्हणजे चेंडू जमिनीवर टाकून उसळताक्षणी मारणं, नियमात अजून आहे. एकेकाळी ती नेहमीची होती. १९०६ मध्ये पुढे पास फेकायला परवानगी मिळाली, फेकायला सोयीचा म्हणून चेंडू टप्प्याटप्प्यानं निमुळता होत गेला, आणि टोकदार चेंडू कुठे उसळेल याचा भरवसा उरला नाही. १ जानेवारी २००६ ला डग फ्लूटीनं एक यशस्वी मारली, ती एनएफएलमधली १९४१ नंतरची पहिली. घरी गंमत म्हणून करून बघा, खिडक्या सांभाळून.

घरात मुलगी किंवा मुलगा फ्लॅग फुटबॉलला जाणार असेल तर किकचा भाग सध्या बाजूला ठेवलात तरी चालेल. त्यात अंगावर पडणं नाही, किक नाही. पळणं, फेकणं आणि झेलणं एवढंच. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये येणारा प्रकार तोच आहे, संघात पाच-पाच खेळाडू. त्यासाठी योग्य मापाचा चेंडू, पंप आणि गुडघ्यावर बसायला थोडं गवत पुरतं. हेल्मेट-पॅड्सचा खर्च शाळेचा प्रशिक्षक सांगेपर्यंत करू नका.